वैशाखातल्या ओढ्याची टेप

ज्या वस्तूकडे बघून लोक ‘आता हे कोण वापरतं?’ म्हणतात, ती मी घराबाहेर जाऊ देत नाही. हा हट्ट आहे, मला मान्य आहे, आणि तो सोडायचा माझा विचार नाही. कर्जतला लागून असलेल्या भिसेगावातल्या आमच्या घरी लोखंडी कपाटाचा खालचा कप्पा या हट्टानेच भरलेला आहे. दर दिवाळीला बायको झाडू घेऊन त्याच्यासमोर उभी राहते.

“यातलं एक तरी वाजतं का?”

“वेळ आली की वाजेल.”

“तुमची साठी आली. यांची वेळ कधी यायची?”

त्या कप्प्यात माझ्या डॅट टेपा आहेत, आणि त्या वाजवणारं एक मशीन. ज्यांनी डॅट पाहिलेली नाही त्यांच्यासाठी सांगतो. पत्त्यांच्या कॅटाहून लहान अशी एक कॅसेट. आतली फीत दिसायला साधीच, पण तिच्यावर आवाज उतरतो तो आकड्यांच्या रूपात. मी मुंबईत साउंड रेकॉर्डिस्ट होतो, आणि नव्वदच्या दशकात ही कॅसेट आमच्या धंद्यात आली तेव्हा आम्ही तिच्यावर लट्टू झालो होतो. साधी कॅसेट म्हातारी झाली की घोगरी होते, खरखरते, पण बोलत राहते. डॅटचा स्वभाव वेगळा. वाजली तर काल रेकॉर्ड केल्यासारखी लख्ख वाजते, नाहीतर ठार मुकी होते. मधलं काही नाही. मला हा स्वभाव आवडतो. शिवाय माझ्या मशीनमध्ये घड्याळ आहे, त्यामुळे आवाजाबरोबर तारीख आणि वेळही फितीवर आपोआप नोंदली जाते.

मग हार्ड डिस्क आली आणि सगळ्या स्टुडिओंना डॅटचा एकदम कंटाळा आला. मी काम करायचो तिथे टेपा गोणीत भरून भंगारात काढल्या. हाताखाली शिकलेली मुलं मला समजावायची, “सर, डिजिटल करून घ्या आणि फेकून द्या.” अरे, ती डिजिटलच आहे! तुम्ही शाळेत होता तेव्हापासून डिजिटल आहे! पण ऐकतो कोण? मी माझ्या टेपा आणि मशीन उचललं आणि घरी आणलं. नोकरी सुटली तरी ते कपाट सुटलं नाही.

आता ओढ्याकडे येतो.

आमचं मूळ गाव तिथून पुढे, कोंडाणे लेण्यांच्या अलीकडे, डोंगराच्या पायथ्याला. आम्ही तीन भावंडं. दादा सगळ्यांत मोठा, मग ताई, मग मी. वडिलांनी जाण्याआधी वाटण्या केल्या. ओढ्याच्या वरच्या अंगाची भातखाचरं दादाला, रस्त्याकडेचा तुकडा मला, आणि ओढा जिथे सपाटीला लागतो तिथली जमीन ताईला. ताईचे यजमान लवकर गेले, ती माहेरी परतली होती. त्या जमिनीत तिने भाजीचा मळा केला. उन्हाळ्यात भेंडी, कारली, काकडी, लाल माठ. पहाटे पाट्या भरून कर्जतच्या बाजारात. एवढ्यावर तिने मुलीला शिकवलं, लग्न करून दिलं, आणि कुणापुढे हात पसरला नाही. हे सगळं ओढ्याच्या पाण्यावर झालं. तिच्याकडे विहीर नाही, बोअर नाही.

मग आमच्याकडे फार्महाऊसं आली. डोंगराच्या कडेकडेने बोअर पडले, आणि अलीकडे चैत्र लागला की ओढ्याची धार करंगळीएवढी होते. वैशाखात तीही जाते. त्यातच दादाने वरची खाचरं एका रिसॉर्टच्या लोकांना दिली. त्यांना तिथे तळं करायचंय. ओढा वर अडवायचा, तळं भरायचं, उरलेलं पाणी पाइपात घालायचं आणि पाइपावरून गाड्यांचा रस्ता न्यायचा. त्यासाठी ग्रामपंचायतीची ना-हरकत हवी, आणि दादाचा उरलेला व्यवहार त्या ना-हरकतीवर अडलेला. अर्जात त्यांनी लिहिलं की हा ओढा नाहीच, पावसाळी नाला आहे. पावसाळा सरला की कोरडा, पूर्वीपासून.

पूर्वीपासून! आधी पाणी तोडायचं आणि मग म्हणायचं की ते कधी नव्हतंच. माझ्या टेपांचं स्टुडिओवाल्यांनी हेच केलं होतं. आधी वाजवायची मशीनं भंगारात घालायची आणि मग म्हणायचं, हे काही वाजत नाही.

ताई माझ्याकडे आली ती श्रावण लागता लागता. छत्री दाराशी टेकवून तशीच उंबऱ्यात बसली.

“स्वातंत्र्यदिनाच्या ग्रामसभेत इषय घेतलाय त्यांनी,” ती म्हणाली. “दादा सोता उभा राहनार हाय. सांगनार का ओढ्याला उन्हाळ्यात पानी कदीच नव्हतं म्हनून.”

“गावाला माहीत आहे ना खरं काय ते.”

“म्हाईत सगळ्यांना हाय. बोलायचं कुनाला नाय. कुनी जमीन इकलीय, कुनाला इकायचीय.” मग तिने कपाटाकडे नजर टाकली. “तुज्याकडं काय हाय का रं? तू तवा काय काय भरून घ्यायचास, त्या डबड्यात.”

मी कपाटापाशी गेलो. मला शोधावं लागलंच नाही. कोणती टेप ते मला माहीत होतं, कारण तिच्यावर मी स्वतःच्या हाताने, चिडून, ‘खराब’ असं लिहिलं होतं.

तो किस्सा असा. एका मालिकेला वाहत्या पाण्याचा आवाज हवा होता. स्टुडिओत बादलीत नळ सोडून तो करायची पद्धत होती. मी फुशारकी मारली की खरा ओढा आणून देतो. मशीन घेऊन गावाला आलो. दिवस वैशाखातले. ताईच्या मळ्याजवळ एक मोठा दगड आहे, त्यावर बायका हंडे टेकवतात. तिथे माइक लावला, सगळ्यांना दम दिला की हूं की चूं करायचं नाही. वरच्या खाचरात दादा राब भाजायच्या तयारीत होता. राब म्हणजे पावसाआधी रोपं टाकायच्या जागेवर पालापाचोळा, शेण, माती पसरून ती जाळायची. त्याशिवाय आमच्याकडे भाताचं रोप जोर धरत नाही. दादा म्हणाला, तुझं होईस्तोवर थांबतो. पण त्याच्या स्वभावात थांबणं नाही. त्याने पेटवलं, वारा फिरला आणि आग पेंढ्याच्या गंजीकडे निघाली. मग आरडाओरडा, धावाधाव. मीही मशीन तसंच चालू टाकून वर पळालो. टेक वाया गेला. स्टुडिओत अखेर बादलीचंच पाणी वापरलं.

ती टेप हातात घेऊन मी मशीन लावलं. पडद्यावर ‘ड्यू’ अशी अक्षरं लुकलुकायला लागली. ड्यू म्हणजे दव. आत ओलावा धरला की हे मशीन फीत आत घेत नाही, आवाज वाचणाऱ्या फिरत्या डोक्याला ओली फीत चिकटून फाटेल म्हणून. शहाणं मशीन आहे. पण कर्जतच्या श्रावणात त्याला कोरडं करायचं कुठे? इथे मीठ पाणी होतं, दारं फुगतात, कोटावर बुरशी चढते. मी केस वाळवायचा पंखा लावून पाहिला, दिव्याखाली ठेवून पाहिलं. ड्यू. ताई तोंडाकडे बघत होती आणि ते यंत्र मला नकार देत होतं. मला असा राग आला की एक रट्टा द्यावा.

तेव्हा मला खालापूरचा दोस्त आठवला. शाळेपासूनचा. त्याच्या वाडवडिलांची बेकरी आहे. कुटुंब मूळचं किनाऱ्याकडचं, पण आता इतक्या पिढ्या खालापुरात की त्यांच्या टोस्टशिवाय आसपासच्या गावांचा चहा होत नाही. त्याला फोन केला.

“टोस्ट पावसात कडक कसा ठेवतोस रे?”

“भट्टीच्या वर माळा हाय ना. का रं, धंदा काढतोस काय?”

मी सगळं सांगितलं. तो हसला. “आन तुजं म्हातारं. त्याला पन कडक करून देतो.”

भट्टीचा माळा ही आख्ख्या तालुक्यातली पावसाळ्यातली सर्वांत कोरडी जागा असेल. दुपारी भट्टी विझत आलेली असते, वर नुसती ऊब उरते. टोस्टच्या ट्रेंच्या रांगेत त्याने माझं मशीन एका घडी घातलेल्या गोणपाटावर ठेवलं आणि माणसांना बजावलं की याला विकू नका. आम्ही खाली चहा पीत बसलो. दिवस कलायला लागला तेव्हा वर जाऊन बटण दाबलं. अक्षरं नाहीत. टेप आत सरकली, डोकं फिरायला लागल्याची बारीक सुरसुर आली आणि हेडफोनमध्ये ओढा वाहायला लागला.

काय सांगू! मी रडलो. खरंच रडलो, मैद्याच्या गोण्यांमध्ये बसून. इतकी वर्षं गेली आणि पाण्याचा एक थेंब कमी झाला नव्हता. पडद्यावर तारीखही उमटली, वैशाखातली. दोस्ताने एक कान मागितला. मी हेडफोन वाकडा करून त्याला दिला, आणि आम्ही दोघं डोक्याला डोकं लावून शेवटापर्यंत ऐकत राहिलो. टेप संपल्यावर त्याने हेडफोन माझ्या हातात दिला.

“मोबाइलात घे,” तो म्हणाला. “ग्रामसभेत वाजव.”

ऐकता ऐकता मी ते सोबत आणलेल्या लॅपटॉपवर उतरवून घेतलंच होतं. पण तेवढ्याने भागणार नव्हतं. हल्ली कुणाच्याही आवाजात काहीही बोलवून घेता येतं, हे शेंबड्या पोरालाही माहीत आहे. मोबाइलमधून वाजवलं की पहिलं वाक्य तेच येणार. मला ती टेप, तिच्यावरच्या जुन्या शाईतल्या ‘खराब’ सकट, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत त्या मशीनमध्ये घालायची होती. पण खालापूरपासून आमच्या गावापर्यंत पावसातून आणि वर पंचायतीच्या ओल्या खोलीत ते कोरडं राहणार कसं?

दोस्ताने टोस्टचा मोठा पत्र्याचा डबा काढला. ग्रामसभेच्या दिवशी सकाळी भट्टीतून आलेले गरम टोस्ट तळाला पसरले, वर कागद, कागदावर मशीन आणि टेप, बाजूंनी पुन्हा टोस्ट. झाकणाच्या फटीवर कापड गुंडाळलं. “झाकन लगेच नको उघडू,” तो म्हणाला. “वाजवायच्या टायमालाच.” आणि तो डबा मांडीवर घेऊन स्वतः टेंपोत माझ्याशेजारी बसला.

झेंडावंदन झालं होतं. पंचायतीच्या खोलीत सतरंजीवर पुरुष एकीकडे, बायका एकीकडे. छपरावरून पाणी गळत होतं. बाहेर ओढा नुसता दणाणत होता, आणि पावसाळ्यात तो दणाणतो म्हणूनच त्यांनी हा दिवस धरला होता. डोळ्यांसमोर पूर असताना उन्हाळा कोण आठवणार? रिसॉर्टचा एक माणूस आला होता, स्वच्छ शर्टातला, गोड बोलणारा. त्याने रोजगाराचं सांगितलं, रस्त्याचं सांगितलं. मग दादा उभा राहिला.

“मी हितंच जल्मलो,” दादा म्हणाला. “दिवाळी झाली का ओढा खडखडीत. व्होळीला तर आमी पोरं त्याच्यात इटीदांडू खेळायचो. पानी नव्हतंच कदी. कुनाला वाटत आसंल तर बोला.”

सतरंजीचे धागे उपसत बसलेली ती सगळी माणसं त्याच ओढ्यात डुंबून मोठी झालेली. मला शरम वाटली, त्यांची आणि माझीही, कारण मीही त्यांच्यातलाच. आणि मग तळपायाची आग मस्तकात गेली. मी उभा राहिलो. म्हटलं, मला बोलायचं नाही, ऐकवायचंय.

डब्याचं झाकण उघडलं तसा टोस्टचा वास खोलीभर पसरला. लोक हसले. मी मशीन काढलं, गणपतीसाठी आणून ठेवलेल्या मंडळाच्या स्पीकरला वायर जोडली. टेप सगळ्यांना दाखवली आणि आत घातली. अक्षरं लुकलुकली नाहीत. सरपंचांना पडद्यावरची तारीख वाचून दाखवायला सांगितली.

“काका, घड्याळ काय, कुणीही कसंही लावू शकतं,” शर्टवाला म्हणाला.

“बरोबर आहे,” मी म्हटलं. “तारीख सोडून द्या. नुसतं ऐका.”

आधी माझाच आवाज आला, तरणाबांड, शिष्ट. “ओढा, हंड्यांचा दगड, दुपार.” मग पाणी. भरपूर पाणी, दगडावरून घसरणारं. वर कुठेतरी कोकिळा. मग तडतड, आधी बारीक, मग मोठी. एक म्हातारा पुटपुटला, “राब.” सगळ्यांनीच ओळखलं. पावसाळ्यात राब कोण भाजतं? खोली एकदम ताठ झाली.

आणि स्पीकर फाटेल अशा आवाजात दादा ओरडला.

“ए बाय! गंजीकडं चाल्ली गं आग! पानी आन! ओढ्यातनं आन, धाव!”

“आले, आले!” लांबून बाईचा आवाज. पावलं. आणि माइकच्या अगदी जवळ हंडा पाण्यात बुडाल्याचा तो खोल, भरगच्च आवाज. त्याच्या पाठोपाठ मी, “गेला टेक, वाट लागली!” तेव्हा काही लोक हसले, पण लगेच गप्प झाले, कारण दादा सतरंजीवरून पुढे आला होता.

“माजा नाय तो आवाज,” तो म्हणाला. “काय पन बनवतात हल्ली.”

तोच आवाज होता, वयाने जाडा झालेला. सगळ्यांना कळत होतं आणि सगळे पुन्हा सतरंजीकडे बघायला लागले. मला वाटलं, झालं. याच्यापुढे टेप काय करणार?

बायकांच्या बाजूने ताई उठली. आख्ख्या आयुष्यात ती अशा सभेत कधी बोलली नव्हती.

“तुजा नाय तर नाय,” ती म्हणाली. “पन ‘आले, आले’ म्हनते ती मी हाय. तो आवाज माजा हाय. मंग मी हंडं भरभरून कुनासाठी धावले रं, दादा?”

दादा तिच्याकडे बघेना. तो माझ्याकडे वळला. “बंद कर रं ते.”

“नाही करणार.”

“बंद कर सांगतो!”

“नाही.” मी मशीनच्या आड उभा राहिलो. साठीच्या वयात मोठ्या भावाशी हाणामारी करायची माझी पूर्ण तयारी होती. टेप चालूच होती. त्या दिवशी मी वर पळालो होतो आणि मशीन दगडावर एकटंच राहिलं होतं, म्हणून तिने पुढचंही सगळं धरून ठेवलं होतं. लांबचा गलका, ओल्या गोणपाटांचे फटके, चरचर, मग हळूहळू शांतता. मग दोन माणसांची पावलं ओढ्याकडे उतरली. दोघंही धापा टाकत होती. आणि दादाचा आवाज, आता अगदी हळू, अगदी जवळ.

“इझली. इझली गं सगळी. बस बाय. बस हितं. आदी पानी पी.”

ओंजळ पाण्यात गेल्याचा आवाज आला. मग कुणीतरी घटाघटा पाणी प्यायलं.

ते रिसॉर्टवाले पुन्हा येतील. दुसरा अर्ज, दुसरा शब्द, वरच्या कुठल्यातरी कचेरीचा शिक्का घेऊन येतील. येऊ देत. मशीन खालापूरच्या भट्टीवर आहे, कोरडं आहे, आणि मीही आहे.

त्या दिवशी सरपंचांनी विचारलं, ना-हरकत नाकारावी असं कुणाला वाटतं? एक हात वर झाला, मग चार, मग मला मोजायची गरज राहिली नाही. दादा भिंतीला टेकून बसला होता, हात मांडीवर. मग सरपंचांनी विचारलं, नाकारण्याच्या विरोधात कोण आहे? मी फक्त दादाकडे बघत होतो. त्याचा हात मांडीवरच राहिला.